सरकी कुणाच्या घरची?

«ताई, स. न. वि. वि.

आम्ही अमळनेरला राहतो. माझं वय ६१, शाळेतून निवृत्त झाले त्याला तीन वर्षं होतील. एकुलती एक लेक आणि जवाई जर्मनीत असतात, म्युनिकजवळ. यंदा दिवाळीला लेक एकटीच आली होती. भाऊबीजेला मी तिला घेऊन माझ्या भावाकडे गेले होते, तिथून येताना गावाबाहेरच्या कापसाच्या जिनिंग कारखान्याजवळ तिला एक पिल्लू दिसलं. सरकीच्या ढिगात अंग घालून बसलेलं, जेमतेम महिनाभराचं. त्याची आई कापसाच्या गाडीखाली गेली, असं तिथल्या हमालाने सांगितलं. लेकीने ते ओढणीत गुंडाळून घरी आणलं. रजा संपली, ती गेली, पिल्लू राहिलं. जाताना म्हणाली, 'आई, दोन-तीन महिन्यांत कागदपत्रं करून मी हिला तिकडे नेते, तोवर सांभाळ.' तिकडे पुष्कळ लोक दुसऱ्या देशांतली बेवारस कुत्री दत्तक घेतात म्हणे.

आमचे हे आधी 'घरात कुत्रं नको' म्हणाले, आता तेच रात्री उठून तिच्या अंगावर पोतं टाकतात. शेजारीण म्हणते, 'येडी शे का व तुनी पोर?' माझे गुडघे दुखतात. दिवसभर पायांत घोटाळते, चपला फाडते, हाताला दात लावते. ओरखडे उठले की मी हळद लावते. दोन महिन्यांची झाली तेव्हा गावातल्या एकांकडून रेबीजचं इंजेक्शन देऊन घेतलं आहे. नाही म्हटलं तर लेक दुखावेल. हो म्हटलं तर किती दिवस सांभाळायचं ते कळत नाही. आमची सरकी विमानात घाबरून मरणार तर नाही ना? आणि ती गेल्यावर घर पुन्हा सुनं सुनं होईल, ते वेगळंच. काय करू?

एक आई, अमळनेर»

ताई, आधी तुमच्या हाताचं बघू. सरकीचं नंतर.

ओरखड्यांवर हळद लावता, हे वाचलं आणि माझं पुढच्या ओळींवरचं लक्षच उडालं. सरकीला रेबीज असेल असं मी म्हणत नाही, बहुधा नसेलच. पण ती उघड्यावर जन्मली, तिची आई कशी होती, ढिगात येण्याआधी तिला कुणी चावलं होतं का, यातलं आपल्याला काही ठाऊक नाही. रेबीजची लक्षणं माणसात एकदा दिसली की डॉक्टरांच्या हातात जवळजवळ काही उरत नाही. त्याआधी मात्र सगळं हातात असतं. म्हणून दात लागला, नख लागलं, थोडंसं जरी रक्त आलं तरी जखम नळाच्या वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायची. घड्याळ लावून पंधरा मिनिटं, कारण आपल्या अंदाजाची पंधरा मिनिटं दोन मिनिटांत संपतात. हळद, चुना, तिखट काही लावायचं नाही. मग त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठायचा, तिथे माणसांची रेबीजची लस मोफत मिळते. जुन्या ओरखड्यांचंही डॉक्टरांना सांगा: पिल्लू कधी आणलं, दात कधी लागले, आज ते खातंपितं कसं आहे. किती डोस घ्यायचे ते डॉक्टर ठरवतील. रात्री पोतं टाकणाऱ्यांनाही सोबत न्या.

आता लेकीचे दोन-तीन महिने. तुमच्या मुलीने मुद्दाम खोटं सांगितलेलं नाही. तिकडच्या लोकांकडून जे ऐकलं ते तिने सांगितलं. पण तिच्या ओळखीच्या लोकांची कुत्री बहुतेक रोमानिया, ग्रीस, स्पेन इथून आलेली असणार. ते देश युरोपीय संघातलेच, त्यामुळे त्यांची वाट जवळची आहे. भारतातून जाणाऱ्या कुत्र्याला वेगळा नियम आहे. रेबीजच्या बाबतीत ज्या देशांना युरोपने सूट दिली आहे, त्या यादीत आपण नाही. त्यामुळे लस, तिच्यानंतर रक्ताची तपासणी आणि तपासणीनंतर थांबणं, यातलं काहीच टळत नाही.

हे सगळं तुमच्या भिंतीवरच्या कालनिर्णयावर मांडते. सरकी भाऊबीजेला महिन्याभराची होती, म्हणजे तिचा जन्म सप्टेंबरच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यातला धरू. युरोपच्या नियमाप्रमाणे रेबीजची लस पिल्लू किमान १२ आठवड्यांचं झाल्यावरच धरतात. म्हणजे तुम्ही दोन महिन्यांची असताना दिलेलं इंजेक्शन या कामासाठी दिलंच नाही असं समजा. सरकीला त्याने अपाय झालेला नाही, फक्त कागदावर ते मोजलं जाणार नाही. शिवाय दुसरी अडचण अशी की लसीच्या आधी अंगात मायक्रोचिप हवी. तांदळाच्या दाण्याएवढी ती चिप मानेच्या कातडीखाली सुईने बसवतात. तिच्यावर १५ आकडी नंबर असतो आणि तो यंत्राने वाचता येतो. हा नंबर नोंदवल्यानंतर दिलेलीच लस त्या कुत्र्याची म्हणून मानतात. आधी लस आणि मग चिप असं झालं, तर लस फुकट गेली.

हे मी सोसलं आहे. माझ्या भाच्याचं कुत्रं परदेशी न्यायचं होतं. लस सोमवारी दिली. दवाखान्यात चिप संपलेली होती, म्हणून ती नऊ दिवसांनी बसवली. कुणालाच काही खटकलं नाही. रक्ताचा अहवाल आला, तिकिटं काढली, आणि मग मुंबईच्या कार्यालयात एका बाईंनी दोन तारखांवर बोट ठेवलं. सगळं पहिल्यापासून करावं लागलं. म्हणून सांगते, डॉक्टरांनी चिप बसवली की त्यांच्याच यंत्राने ती वाचून घ्या, तो नंबर लसीच्या पुस्तकात त्यांच्या हाताने लिहून घ्या, मग सुई भरू द्या. चिप १५ आकड्यांची, आयएसओ ११७८४ आणि ११७८५ या मानकांची हवी, हे आधी फोनवर विचारा. अमळनेरला मिळाली नाही तर जळगाव नाहीतर धुळे गाठावं लागेल.

म्हणजे चिप आणि लस डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात. त्यानंतर किमान ३० दिवसांनी रक्त घ्यायचं. ते संक्रांतीनंतरच्या आठवड्यात येतं. हे रक्त युरोपीय संघाने मान्य केलेल्या प्रयोगशाळेतच तपासून यावं लागतं, आणि रेबीजविरोधी प्रतिपिंडांची पातळी दर मिलिलिटरला किमान ०.५ आंतरराष्ट्रीय एकक भरावी लागते. कमी भरली तर पुन्हा लस, पुन्हा थांबणं. भरली, तर रक्त घेतलं त्या तारखेपासून तीन महिने थांबायचं. अहवाल लवकर आला म्हणून ते तीन महिने कमी होत नाहीत.

मोजलंत? थेट आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, येते.

लेकीबाळी माहेरी यायच्या, झोके बांधायच्या दिवसांत सरकी जायला मोकळी होते, आणि तीही आपल्या खान्देशच्या उन्हात. पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसला टेकलेला असतो. असल्या दिवसांत अनेक विमान कंपन्या जनावर घेतच नाहीत, कारण विमानात चढवण्याआधी क्रेट, म्हणजे प्रवासाचा पिंजरा, धावपट्टीजवळ तापत उभा राहतो. त्यांनी घेतलं तरी तुम्ही पाठवू नका असं मी सांगेन. म्हणजे पाऊस पडून हवा निवेपर्यंत थांबणं आलं. श्रावणात कानबाईचे रोट झाले की मग निघा. तोवर सरकी दहा-अकरा महिन्यांची, बारा-पंधरा किलोची झालेली असेल. लेकीने ओढणीत गुंडाळून आणलेलं पिल्लू तिला तिकडे मिळणार नाही. तिला मिळेल तुम्ही वाढवलेली कुत्री.

महिनाभरात सगळे कागद करून पाठवतो, असं सांगणारा कुणी एजंट भेटला तर त्याला आगाऊ पैसे देऊ नका. वर सांगितलेलं घड्याळ कुणाच्याही ओळखीने पुढे सरकत नाही. कागदात खोट सापडली तर उतरल्यावर कुत्र्याला परत पाठवतात नाहीतर मालकाच्या खर्चाने कोंडून ठेवतात, आणि दोन्ही जमत नसेल तर शेवटचा उपाय म्हणून मारण्याचीही तरतूद त्यांच्या कायद्यात आहे. सरकीच्या जिवावर कुणाचा शॉर्टकट नको.

तुमच्या पत्राच्या सुरुवातीला ती 'एक पिल्लू' आहे. शेवटाकडे येता येता 'आमची सरकी' झाली. तुमच्या लक्षात आलं नसेल, म्हणून दाखवलं. तुम्ही मला विचारलंत ते असं की लेकीला नाही कसं म्हणू. मला पत्रात दुसरंच दिसतं: सरकी तुमची झाली आहे आणि ते लेकीला सांगायची तुम्हाला चोरी वाटते.

चोरी वाटायचं कारण नाही. दहा महिने पहाटे उठून तिला बाहेर नेणारं, तिची शी-शू पुसणारं, दवाखान्यात ताटकळणारं माणूस तुम्ही असणार आहात. आईचं काम लेकी मोजत नाहीत. त्यात वाईट हेतू नसतो, लहानपणापासून ते न मोजताच मिळालेलं असतं. पण तुम्ही मोजा आणि तिलाही मोजायला लावा. गुडघे दुखतात हे मला लिहिलंत, तसं तिला सांगितलंत का? सकाळ-संध्याकाळ सरकीला फिरवायला गल्लीतला एखादा जबाबदार पोरगा ठेवायचा असेल तर त्याचे पैसे लेकीने पाठवावेत. दवाखान्याचा खर्चही तिचा. जायच्या खर्चाचा हिशेब तर हजारांत नाही, लाखांत होतो. तो आकडा आताच तिच्यासमोर असू दे.

आणखी एक गोष्ट टोचली. पत्रात जवाईबापू फक्त म्युनिकजवळ राहतात, त्यापुढे त्यांचा एक शब्द नाही. दिवाळीला ते आले नव्हते, म्हणजे सरकीला त्यांनी व्हिडिओ कॉलवरच पाहिलं असणार. त्यांना कुत्रं हवं आहे का? घरमालकाची परवानगी आहे का? जर्मनीत भाड्याच्या घरात हे आधी विचारावं लागतं. तिथे कुत्र्यामागे नगरपालिकेला दरवर्षी कर भरावा लागतो. दोघं नोकरीला गेल्यावर दिवसभर कोण असेल? दिवसभर माणसांत वाढलेली सरकी नऊ तास बंद फ्लॅटमध्ये राहील का? याची उत्तरं लेकीकडे असतील तर उत्तमच. नसतील, तर तिने ती शोधली पाहिजेत.

न्यायचंच ठरलं तर एक काम पहिल्याच दिवशी करा. लसीच्या पुस्तकात मालक म्हणून लेकीचं नाव घाला. युरोपात मालकाचं स्वतःचं जनावर नेणं वेगळं आणि एका हातातून दुसऱ्या हातात देण्यासाठी पाठवणं वेगळं. दुसऱ्याला व्यापारी वाहतुकीचे कडक नियम लागतात. कुत्रं लेकीसोबत, किंवा तिने लेखी अधिकार दिलेल्या माणसासोबत जात असेल, आणि लेक स्वतःही त्याच्या पाच दिवस मागेपुढे प्रवास करत असेल तरच सोपा नियम लागू होतो. म्हणजे तिकीट काढून तिला एकदा यावं लागणारच आहे. निघायच्या आधी मुंबईला केंद्र सरकारच्या प्राणी संगरोध (क्वारंटाइन) कार्यालयात सरकीला घेऊन जावं लागेल. तिथे जनावर आणि कागद दोन्ही बघतात. युरोपसाठीचा आरोग्य दाखला दिल्यापासून तिथे पोचेपर्यंत दहाच दिवस चालतो, म्हणून हे शेवटच्या आठवड्यातलं काम. अमळनेरहून धुळे-नाशिकमार्गे गाडीने सात-आठ तास लागतात. रेल्वेने न्यायचं तर फर्स्ट एसीचा पूर्ण कूपे आरक्षित करावा लागतो, नाहीतर गार्डच्या डब्यातल्या पेटीत टाकावं लागतं. त्या पेटीत मी तरी तिला घालणार नाही.

विमानात ती मरेल का, असं विचारलंत. निरोगी, तरुण, लांब तोंडाचं गावठी कुत्रं हा प्रवास सहसा नीट करतं. धोका असतो तो गरमीचा, आणि घाबरून क्रेटच्या जाळीशी झुंजण्याचा. म्हणून क्रेट आयत्या वेळी आणायचा नाही. त्यात तिला ताठ उभं राहता आलं पाहिजे, वळता आलं पाहिजे, पाय पसरता आले पाहिजेत. तो दोन-तीन महिने आधीच घरात आणून ठेवा. दार काढून टाका, आत तिचं पोतं घाला, जेवण आतच द्या. एक दिवस तुम्ही शोधाल आणि ती आपणहून आत झोपलेली सापडेल. मग दार लावायचं, आधी पाच मिनिटं, मग तासभर. झोपेचं औषध देऊन पाठवा असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. उंचीवर त्याने श्वास आणि रक्तदाब बिघडू शकतो, आणि गुंगीतल्या जनावराला बऱ्याच विमान कंपन्या चढूच देत नाहीत.

खरं जपायचं ते उतरल्यावरचे पहिले आठवडे. रस्त्यावर जन्मलेली कुत्री नव्या जागी घाबरली की पळतात, आणि भाषा, वास, गाड्या सगळंच नवं असलं की परत येत नाहीत. तिकडे अशा कुत्र्यांना दोन पट्ट्यांवर बाहेर काढतात, एक गळ्यातला आणि एक छातीभोवतीचा, दोन दोऱ्या दोन हातांत. लेकीने पहिले दोन-तीन आठवडे रजा काढून घरी राहावं. रजा मिळणार नसेल तर न्यायची तारीख पुढे ढकलावी. तिकडचे डॉक्टर सरकीचं रक्त पुन्हा तपासतील, गोचिडांमुळे होणारे आपल्याकडचे ताप त्यांना माहीत करून घ्यायचे असतात. तिने त्याला नाही म्हणू नये.

आता हे सगळं पुढचं. सरकी कुठेही राहो, पुढचे चार महिने तिला जगवायचं आहे, आणि या वयातल्या पिल्लांना सगळ्यात जास्त नेतो तो पार्व्हो, कुत्र्यांचा एक विषाणूजन्य आजार. मी एक पिल्लू त्यात घालवलं आहे. सकाळी दूध प्यायलं नाही, दुपारी उलटी, संध्याकाळी रक्ताची पातळ शी, आणि तिला असा वास की घरात एकदा आला की विसरत नाही. तिसऱ्या दिवशी ते गेलं. त्याला लस दिलेली नव्हती, लहान आहे, पुढच्या महिन्यात देऊ असं मी म्हटलं होतं. तुमच्या पत्रात रेबीजच्या इंजेक्शनाचा उल्लेख आहे, डिस्टेंपर-पार्व्होच्या लसीचा नाही. ती याच आठवड्यात सुरू करा. तीन-चार आठवड्यांच्या अंतराने तिचे डोस असतात, वेळापत्रक डॉक्टर लिहून देतील. डोस पूर्ण होऊन दोन आठवडे होईपर्यंत तिला जिथे गावची कुत्री फिरतात तिथे जमिनीवर सोडू नका. हा विषाणू मातीत महिनोन् महिने टिकतो आणि चपलेलाही चिकटून घरात येतो. उलटी आणि पातळ शी दोन्ही दिसली तर सकाळची वाट न बघता दवाखाना. तिथे सलाइन लावून बरीच पिल्लं वाचवता येतात, उशीर झाला की नाही.

जंताचं औषध तीन महिन्यांची होईपर्यंत दर पंधरा दिवसांनी, मग सहा महिन्यांपर्यंत महिन्याला एकदा. गोचिडांसाठी रोज संध्याकाळी कानांच्या मागे, बोटांच्या बेचक्यांत आणि शेपटीखाली हात फिरवा. ताप आला म्हणून घरातली आपली गोळी देऊ नका, त्यातल्या काही कुत्र्यांना विष ठरतात. दुधाने पोट बिघडत असेल तर दूध बंद. ज्वारीची भाकरी कुस्करून त्यात उकडलेलं अंडं किंवा बिनमिठाचं चिकन आणि त्याचं पाणी, एवढं पुरतं. आपल्या भाजीचा रस्सा नको. कांदा-लसूण कुत्र्यांना बाधतो आणि खान्देशी स्वयंपाकात तो नसतो असं ताट मी तरी पाहिलेलं नाही. हाताला दात लावते ते दात शिवशिवतात म्हणून. हात ओढून घेऊ नका, त्याने तिला खेळ वाटतो. हात सैल सोडा, दुसऱ्या हाताने जुनं सुती कापड गाठ मारून ओलं करून तिच्या तोंडात द्या. सहाव्या महिन्याच्या सुमारास, मार्चमध्ये, नसबंदी करून घ्या. पहिल्या माजाच्या आधी झालेली बरी, नाहीतर ऐन आखाजीत दारात कुत्र्यांची रांग लागेल.

यात तुम्हाला ठरवायला एक जागा मिळते, ती सांगते. चिप, लसी, नसबंदी, हे सगळं सरकी अमळनेरला राहिली तरी तिच्या भल्याचंच आहे. यातलं काही वाया जात नाही. फक्त संक्रांतीनंतरचं ते रक्त एकट्या युरोपसाठी आहे. रस्ता तिथे फुटतो. म्हणून निर्णय त्याच्या आधी व्हायला हवा, लेकीने तिकडून आणि तुम्ही इकडून, दोघींनी एकाच फोनवर.

माझं मत विचारलंत म्हणून सांगते. सरकीने इथेच राहावं असं मला वाटतं. तिकडचे लोक रोमानियातलं, ग्रीसमधलं कुत्रं आणतात ते त्याला तिथे घर नसतं म्हणून, आणि ते चांगलंच करतात. सरकीला घर आहे. तिच्या अंगावर रात्री पोतं टाकायला माणूस उठतो. लेकीला कुत्र्याची माया आहे, तर तिच्या गावाच्या जवळच्या टियरहाइममध्ये, म्हणजे तिथल्या निवारा केंद्रात, घराची वाट बघणारं कुत्रं तिला नक्की मिळेल. ती आणि जवाई दोघं जाऊन त्याला भेटतील, दोनदा-तीनदा फिरवून आणतील, मग ठरवतील. आणि विमानाला जे लाखभर रुपये लागणार होते, त्यातले थोडे तिने अमळनेरला पाठवले तर त्या जिनिंगच्या आवारातल्या कुत्र्यांची नसबंदी आणि लसीकरण होईल. पुढच्या दिवाळीला ढिगात दुसरी सरकी सापडणार नाही.

पण माझ्या मतातला कच्चा दुवाही ऐका. तुम्ही ६१ वर्षांच्या आहात आणि गावठी कुत्री नीट सांभाळली तर बारा-पंधरा वर्षं जगतात. तुम्ही आजारी पडलात, गुडघ्याचं ऑपरेशन झालं, लेकीकडे तीन महिने जायची वेळ आली, तर सरकी कुणाकडे? त्या माणसाचं नाव आज सांगता आलं पाहिजे. तुमचा भाऊ, एखादी भाची, फिरवणारा तो पोरगा, कुणीही चालेल, पण त्यांना विचारून. असं एकही नाव नसेल, आणि लेकीकडे मात्र रजा, परवानगी, जवाईंचं मनापासून हो, सगळं तयार असेल, तर सरकीचं भलं म्युनिकला आहे, आणि मी माझं मत मागे घेते. मग मन घट्ट करून संक्रांतीनंतर रक्त द्यायचं आणि क्रेट आणायचा.

इथे ठेवायचं ठरलं तर नगरपरिषदेत जाऊन कुत्रा पाळत असल्याची नोंद करता येते का ते विचारा, लसीचं पुस्तक सोबत ठेवा. सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात रस्त्यावरची कुत्री दत्तक घ्यायला लोकांना मोकळीक दिली, पण एकदा घेतलेलं कुत्रं पुन्हा रस्त्यावर जाणार नाही ही जबाबदारी घेणाऱ्यावर टाकली. ते योग्यच आहे. गल्लीत पट्ट्याशिवाय सोडू नका. शेजारणीशीही गोड राहा. ती आज हसते आहे, उद्या तुम्ही गावाला गेल्यावर सरकीला भाकरी घालायला तीच लागेल.

लेकीशी बोलताना नाही म्हणायला सुरुवात करू नका. कॅलेंडर समोर ठेवा आणि तारखा वाचून दाखवा: डिसेंबरला चिप आणि लस, संक्रांतीनंतर रक्त, आखाजीला मोकळी, पावसाळ्यात विमान. मग म्हणा, 'बेटा, एवढे दिवस मी तिला वाढवीन. पण वाढवल्यावर ती माझी होईल, आणि मग तू न्यायला आलीस तर मला जड जाईल. म्हणून आत्ताच ठरवू.' हे वाक्य तुम्ही मला लिहिलंच आहे, फक्त वेगळ्या शब्दांत. ती रडेल. तुम्हीही रडाल. पिल्लू उचललं तेव्हा तिने जे मन दाखवलं ते तुमच्याकडूनच आलेलं आहे, तेव्हा तिला कळेल.

तो फोन येत्या रविवारी करा, तिला आणि जवाईंना दोघांना समोर बसवून. संक्रांतीपर्यंत थांबू नका, त्या दिवशी तुम्ही दोघी गोडच बोलाल.

आणि रविवारच्या आधी, उद्या सकाळीच, दवाखान्यात जाऊन हात दाखवून या.